२४,००० रुपयांचे शनिवार-रविवार

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे पुढचं बोलणं कोणत्या तोंडचं आहे ते कळेल. नेर तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात माझं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. वय ३९. दहावीत गणितानं पाडलं, मग मामाच्या हाताखाली पक्कड धरली, ती अजून सुटली नाही. सबमर्सिबल आणि मोनोब्लॉक पंप, पंखे, कुलर, घरची वायरिंग, लग्नातली लायटिंग, सगळं करतो. आयटीआय केलं नाही. गावात मला मिस्त्री म्हणतात. क्लासमध्ये पोट्टे पहिल्या दिवसापासून काका म्हणायला लागले, त्याचं थोडं वाईट वाटलं.

क्लास म्हणजे अमरावतीतली एक खासगी संस्था. कोर्सचं नाव लांबलचक: इलेक्ट्रिशियन आणि कनेक्टेड बिल्डिंग सिस्टिम्स टेक्निशियन. जानेवारी ते एप्रिल, दर शनिवार-रविवार, सकाळी १० ते ५. फी २४,०००, दोन हप्त्यांत, वर २,५०० टूलकिटचे. संस्थेचं नाव लिहीत नाही. टूलकिटवरून माझं ऑफिसशी अजून वाजून राहिलं आहे, पण शिकवणाऱ्या सरांशी माझं काहीच भांडण नाही. नाव लिहिलं की दोघांनाही एकाच काठीनं हाणल्यासारखं होईल.

मायनं विचारलं, "तुले कायले पाह्यजे आता शाळा? तेवढ्यात दोन बकऱ्या आल्या असत्या." तिला मी खरं कारण सांगितलं नाही. गेल्या वर्षी दिवाळीनंतर जवळच्या एका जिनिंग फॅक्टरीच्या मॅनेजरसाहेबांनी बोलावलं होतं. हंगाम सुरू, आवारात कापसाच्या गंज्या लागलेल्या. कॅमेरे अधूनमधून बंद पडत होते, मीटरांचं रीडिंग ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर येत नव्हतं आणि भिंतीवर आगीच्या अलार्मचं एक लाल पॅनल होतं, ते सारखं टूं टूं करत होतं. मी पॅनलचं दार उघडलं. आत ३०-४० बारीक तारा, एकावरही फेज-न्यूट्रलसारखी ओळख नाही. मी दार लावून घेतलं आणि म्हटलं, "साहेब, हे कंपनीवाल्यालेच बोलवा." वीस वर्षांत पहिल्यांदा काम पाहून परत आलो. गाडीला किक मारताना वाटलं, आता गावातली नवी घरं पण अशीच होतील, मग आपण फक्त कुलरच्या मोटरी भरत बसू.

तर हिशेब. पाचपैकी साडेतीन. सरांना साडेचार, ऑफिसला दीड, बाकी मधलं.

पहिला दिवस मी वाया गेला असं धरलं होतं. सरांनी बोर्डावर एक स्विच काढला आणि विचारलं, "घरातल्या स्विचबोर्डात न्यूट्रल असतो का?" सगळे म्हणाले हो. सर म्हणाले, जिथे सॉकेट आहे तिथे असतो, जिन्याच्या नुसत्या लाईटच्या बोर्डात असतो का? तिथे फक्त फेज जातो आणि स्विचमधून परत बल्बाकडे येतो. बहुतेक स्मार्ट स्विचना स्वतःला जागं राहायलाच वीज लागते, म्हणजे न्यूट्रल लागतो. पाईपात तो ओढलेला नसेल तर गिऱ्हाईकानं मोबाईलवरून आणलेला स्विच डब्यातच राहतो. मला आमच्या सरपंचांच्या नव्या बंगल्याची आठवण झाली. ती वायरिंग माझीच. दोन वायरी वाचवल्या होत्या मी प्रत्येक लाईटच्या बोर्डात, आणि कौतुक करून घेतलं होतं.

पण मी पैसे वसूल झाले म्हणतो ते स्मार्ट स्विचमुळे नाही. अर्थिंगमुळे. ते जरा सविस्तर सांगतो.

आमच्याकडे अर्थिंग तपासायची रीत अशी: होल्डरला १०० चा पिवळा बल्ब, एक टोक फेजला, एक टोक अर्थच्या तारेला. भक्कन पेटला की अर्थिंग पास. मामानं असंच शिकवलं, मी चार पोट्ट्यांना असंच शिकवलं. सरांनी पाचव्या आठवड्यात हे ऐकलं आणि खडू माझ्याच हातात दिला. म्हणाले, "काढा, १०० वॅटच्या पेटलेल्या बल्बाचा रेझिस्टन्स किती?" गणितानं पाडलेला माणूस मी. २३० गुणिले २३० भागिले १००. आलं ५२९ ओहम. मग म्हणाले, आता जमिनीचा रेझिस्टन्स ३०-४० ओहम असला तर बल्बाला काय कळणार? ५२९ मध्ये ४० म्हणजे भाजीत चिमूटभर मीठ जास्त. बल्ब तसाच भक्कन पेटेल.

पुढे एकदा सरांनी मला अर्थ टेस्टर घरी न्यायला दिला. ऑफिसनं आधार कार्ड ठेवून घेतलं, ते वेगळं. एसटीत मांडीवर घेऊन आलो. दोन खुंट्या वावराच्या बाजूनं ठोकल्या, एक जवळ, एक लांब, तारा पसरल्या, बटण दाबलं. माझ्याच घराची अर्थिंग, माझ्याच हातानं कोळसा-मीठ भरलेला खड्डा: ३८ ओहम. मार्च संपत आला होता, काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. खड्ड्यात चार बादल्या पाणी ओतलं, दुसऱ्या दिवशी पाहिलं तर २१. पावसाळ्यात पास, उन्हाळ्यात नापास, आणि कुलर लावतो आपण उन्हाळ्यात.

आता ३८ ओहमचा अर्थ काय ते पाहा. कुलरच्या पत्र्याला आतून फेज लागला, तर जमिनीत जाणारा करंट २३० भागिले ३८, फार तर ६ अँपिअर. १६ अँपिअरची एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, त्याला ढुंकूनही पाहत नाही. ती पडतच नाही. पत्रा तसाच जिवंत राहतो, खाली ओली फरशी, आणि माय किंवा लेकरू पाण्याची बादली घेऊन येतं. विदर्भात दर उन्हाळ्यात कुलरच्या शॉकनं माणसं जातात, पेपरात आतल्या पानावर चार ओळी येतात. सात वर्षांपूर्वी माझ्या हातच्या वायरिंगच्या घरी एका पोराला कुलरनं फेकलं होतं. वाचलं ते पोरगं, कारण पायात रबरी चप्पल होती. त्या घराची अर्थिंग मी बल्ब लावून पास केली होती. हे मी क्लासमध्ये कोणाला सांगितलं नाही. त्या दिवशी दुपारी जेवायला खाली गेलो नाही, एवढंच.

त्यावरचा इलाज सरांनी दाखवला तो ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी. जितका करंट फेजनं गेला तितका न्यूट्रलनं परत आला पाहिजे. मध्ये ३० हजारांश अँपिअर जरी जमिनीत किंवा माणसाच्या अंगातून गळला की तो पडतो. अर्थिंग ३८ असली तरी पडतो. आता कोणी म्हणेल, हे तर डब्यावरच लिहिलेलं असतं. बरोबर. पण तो आमच्या गावातल्या घरात टिकत का नाही, हे डब्यावर लिहिलेलं नसतं. मी घरी आणून लावला आणि लाईट लावला की फट्. पंखा लावला की फट्. बायको म्हणे, "बदलून आणा, खराब हाय."

खराब नव्हता. आम्ही दोघं भाऊ. वाटणी होऊन बारा वर्षं झाली. चूल वेगळी, मीटर वेगळं, अंगणात मध्ये भिंत. पण देवघराच्या लाईटचा न्यूट्रल अजून भावाच्या बाजूच्या जंक्शनमधून येत होता. फेज माझा, न्यूट्रल त्याचा. आरसीसीबीच्या हिशेबात माझा करंट गेला आणि परत आलाच नाही. वाटणीपत्रात सगळं लिहिलं होतं, न्यूट्रल तेवढा एकत्र कुटुंबात राहिला होता. सरांना फोन केला तर हसले आणि म्हणाले, "हे पुढच्या बॅचला सांगा तुम्हीच." या उन्हाळ्यात मी १४ घरी आरसीसीबी बसवले, त्यातल्या ९ घरी पहिल्या दिवशी असाच पडला. दर वेळी कोणाच्या तरी भावाचा, नाहीतर गोठ्याचा न्यूट्रल. गिऱ्हाईकाला आधीच सांगून ठेवतो आता: बसवायला अर्धा तास, न्यूट्रल शोधायला दिवस. मजुरी दिवसाची. आणि महिन्यातून एकदा त्यावरचं टी लिहिलेलं बटण दाबून पाहायचं, पडला पाहिजे. एक सांगून ठेवतो: हा म्हणजे काही अमृत नाही. एका हातानं फेज आणि दुसऱ्यानं न्यूट्रल धरलात तर त्याच्या हिशेबात करंट बरोबर परत आला, तो पडणार नाही.

एवढं एका विषयात शिकलो, त्याचे मी १२,००० धरतो.

कनेक्टेड बिल्डिंगचा भाग मात्र उलटसुलट आहे. सुरुवात लॅन केबलच्या क्रिम्पिंगनं, म्हणजे कॅमेरे-कॉम्प्युटरच्या तारेला जॅक लावण्यानं. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठ तारा, केसाएवढ्या, त्या जॅकमध्ये या ओळीनं सरकवायच्या आणि दाबायचं. माझी बोटं तांब्याच्या वायंडिंगला सरावलेली, जाड. पहिल्या दिवशी ९ जॅक वाया घालवले. घाटंजीकडची एक पोट्टी शेजारी बसायची, तिनं तेवढ्या वेळात सोळा केले आणि सगळे टेस्टरवर पास. ती म्हणाली, "काका, तुम्ही पीळ लय सोडवता." तेच खरं होतं. मी सवयीनं तारा दोन इंच मोकळ्या करायचो, हाताला जागा मिळावी म्हणून. त्या जोड्यांचा पीळ म्हणजे सजावट नाही, शेजारच्या तारेचा गोंगाट तो पीळ अडवतो. अर्ध्या इंचाच्या वर सोडायचा नाही. सरांनी मग माझा केबल आणि तिचा केबल दोन्ही कॅमेऱ्याला लावून दाखवले. माझ्यावर चित्र तुटत होतं. जिनिंगचे कॅमेरे अधूनमधून का जातात ते मला तिथे उभ्याउभ्या कळलं.

मग मॉडबस. मीटर, एसीचे कंट्रोलर, पंपाचे ड्राइव्ह एकमेकांशी बोलतात ती भाषा. १९७९ ची. सर म्हणाले, "काकांपेक्षाही म्हातारी." दोन तारा, ए आणि बी, आणि त्यावर मीटर एकामागे एक, पांदणीतल्या बैलगाड्यांसारखे. इथे माझी वीस वर्षांची सवय उलटी पडली. आपण वायरिंगमध्ये सोय पाहून कुठूनही फाटा काढतो. इथे फाटा चालत नाही. आणि रांगेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर. कशाला? सर म्हणाले, विहिरीत हाक मारली की आवाज परत येतो ना, तसा तारेच्या टोकाला धडकून सिग्नल परत येतो आणि पुढच्या बोलण्यात मिसळतो. रेझिस्टर तो आवाज गिळतो.

इथपर्यंत कोणताही क्लास शिकवेल. या सरांचं वेगळेपण पुढे आहे. त्यांनी प्लायवुडवर सहा मीटरांचा बोर्ड केला होता, आणि दर रविवारी आम्ही जेवायला गेलो की त्यात बिघाड करून ठेवायचे. आल्यावर दोघादोघांची जोडी, चाळीस मिनिटं, शोधा. एकदा टोकाचा रेझिस्टर काढून ठेवलेला. एकदा चौथ्या मीटरपाशी ए-बी उलटे. एकदा सगळं बरोबर, तारा बरोबर, रेझिस्टर जागेवर, तरी दोन मीटर मध्येच बरोबर, मध्येच अगम्य आकडे. आमची जोडी म्हणजे मी आणि एक बडनेऱ्याचं पोट्टं. आम्ही सगळे स्क्रू पुन्हा आवळले. तारा बदलल्या. चाळीस मिनिटं संपली. सरांनी दोन मीटरांची सेटिंग उघडून दाखवली: दोघांचाही नंबर पाच. पाच नंबर म्हणून हाक मारली की दोघं एकदम "ओ" देत होते. पोट्टं कपाळाला हात लावून म्हणे, "आमच्या वर्गात तीन गणेश होते, तसंच झालं हे."

हा बिघाडाचा बोर्ड नसता तर मी तीन तारे दिले असते. जोडणी यूट्यूबवर पण शिकता येते. बिघडलेलं समोर ठेवून, घड्याळ लावून, कोणी शिकवत नाही.

आता जे शिकवलं नाही ते. काचेच्या कपाटात केएनएक्सचं, म्हणजे बिल्डिंगचे लाईट-एसी एका केबलवरून चालवायच्या पद्धतीचं, एक किट आहे, हिरव्या केबलचं, मोठ्या हॉटेल-हॉस्पिटलांत असतं ते. जाहिरातीत त्याचाच फोटो. चार महिन्यांत ते कपाट दोन वेळा उघडलं, दोन्ही वेळा सरांनीच बटणं दाबली आणि आम्ही पाहिलं. सॉफ्टवेअर एकाच लॅपटॉपवर, आणि तो लॅपटॉप बरेचदा ऑफिसात फीच्या पावत्या काढायला. सोलरला अर्धा दिवस. ३ किलोवॅटच्या घरगुती सोलरला केंद्राची ७८,००० पर्यंत सबसिडी मिळते म्हणून गावोगावी पॅनल चढून राहिले आहेत, वावरात सौर पंप येऊन राहिले आहेत, आणि त्याला अर्धा दिवस! त्या अर्ध्या दिवसातलं एक मात्र पक्कं बसलं: डीसीच्या लाईनला घरातली एसीची एमसीबी लावायची नाही. एसीचा करंट सेकंदात १०० वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही, ठिणगी जळत राहते. आमच्या भागात मी अशा एमसीबी लावलेल्या पाहिल्या आहेत, दोन तर माझ्याच ओळखीच्या मिस्त्रींनी.

स्लाइड सगळ्या इंग्रजीत. सर मराठीत बोलायचे म्हणून निभलं. परीक्षेचा पेपर मात्र इंग्रजी-हिंदीत आला, मराठी नाही. अमरावतीत.

आणि एक गोष्ट क्लासला माहीतच नव्हती, ती मी सांगितली, याचा मला अजून गर्व आहे. स्मार्ट स्विचचा धडा चालू होता. मी विचारलं, लाईन गेली आणि परत आली तर हा स्विच चालू राहतो की बंद? सर म्हणाले, तशी सेटिंग असते, आधीची स्थिती, चालू किंवा बंद, पण इथे लाईन जात नाही म्हणून आम्ही शिकवत नाही. मी म्हटलं, सर, आमच्याकडे दिवसातून पाच वेळा जाते. गिझर आधीच्या स्थितीवर ठेवून लोक लग्नाला गेले तर? मग मी वावरातला ऑटो स्विच सांगितला. कास्तकाराचा पहिला स्मार्ट स्विच तोच. रात्रीची लाईन आली की पंप आपोआप सुरू, झोपमोड नाही. पण एका डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या, वीसही पंपांना ऑटो असला की लाईन आल्याबरोबर वीसही मोटरी एकदम उठतात, सुरुवातीचा करंट कितीतरी पट, व्होल्टेज बसतं, डीपीचा फ्यूज जातो आणि मग आठ दिवस कोणालाच पाणी नाही. म्हणून मी माझ्या गिऱ्हाइकांच्या ऑटोत टायमर वेगवेगळे ठेवतो, एकाला दोन मिनिटं, एकाला चार. सरांनी ते वहीत लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं.

टूलकिटचं थोडक्यात. पहिल्या आठवड्यात मिळेल म्हणाले, अकराव्यात मिळालं. क्रिम्परचा जबडा पंधरा दिवसांत मोडला. मल्टिमीटर असा, की ४१५ व्होल्टला लावायची माझी हिंमत झाली नाही. २,५०० परत मागितले, "वरून मंजुरी यायची आहे" हे उत्तर आहे, एप्रिलपासून. शंभर टक्के नोकरी म्हणतात ती पुण्यात कॅमेरे बसवायची. माझ्या बॅचमधली सहा पोट्टे गेली, खोलीभाडं देऊन हातात काय उरतं ते त्यांनाच विचारा, दोन परत आली. ऑफिसातली मॅडम प्रवेशाच्या वेळी म्हणाली होती की या सर्टिफिकेटवर वायरिंगचं लायसन मिळतं. मिळत नाही. तो सरकारी परवाना वेगळा, त्याची वाट वेगळी. हे मला फी भरल्यावर कळलं, तुम्हाला आधी कळावं.

म्हणून ज्याच्या घरात दहावी झालेलं पोरगं-पोरगी आहे त्यानं या क्लासच्या नादी लागू नये, सरळ आयटीआयचा अर्ज भरावा. वीजतंत्री म्हणजे इलेक्ट्रिशियनचा ट्रेड, दोन वर्षांचा, दहावीला विज्ञान-गणित पाहिजे. तारतंत्री म्हणजे वायरमन, तोही दोन वर्षांचा, त्याला आठवी पास चालतं. शेवटी देशभर चालणारं प्रमाणपत्र, आणि पुढे १९६१ च्या कायद्याखालची अप्रेंटिसशिप, विद्यावेतनासकट. माझा भाचा दुसऱ्या वर्षाला आहे. मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, तो माझ्याआधी शिकला. मला म्हणाला, "मामा, तुम्ही २४,००० देऊन जे शिकले, ते आम्हाले पहिल्या वर्षी होतं." अर्थिंगपुरतं खरं आहे. बिघाडाचा बोर्ड त्यांच्याकडे नाही. हा क्लास माझ्यासारख्यांसाठी आहे: ज्यांचा हात चालतो, दुकान बंद ठेवून दोन वर्षं बसता येत नाही, आणि ज्यांनी आयुष्यात काहीच मोजलेलं नाही.

राहायची सोय नाही. मी पहाटेच्या एसटीनं जायचो, नांदगाव खंडेश्वरवरून पावणेदोन तास. शनिवारी रात्री बडनेऱ्याला साळ्याकडे. क्लासच्या खाली गिल्या वड्याची गाडी आहे, ती मात्र पाचपैकी पाच.

आता जिनिंगचं. या कार्तिकात मी स्वतःहून गेलो. मॅनेजरसाहेब म्हणाले, "आता तर पॅनल बरोबर हाय मिस्त्री. कंपनीचा माणूस येऊन गेला, हिरवा लाईट हाय, आवाज बंद." खरंच हिरवा होता. मी म्हटलं, एकदा उघडू द्या, पैसे नका देऊ.

या जुन्या पद्धतीच्या पॅनलात एकेका भागाची तार डिटेक्टर ते डिटेक्टर फिरत जाते आणि सगळ्यात शेवटच्या डिटेक्टरपाशी एक रेझिस्टर लावतात. पॅनल त्या तारेतून बारीक करंट सोडून पाहत असतं: टोकापर्यंत तार शाबूत आहे ना. रेझिस्टर दिसला की हिरवा, तार तुटली की टूं टूं. सरांनी हे सांगताना दोनदा म्हटलं होतं, रेझिस्टर टोकालाच, पॅनलात नाही.

दार उघडलं. गेल्या वर्षीच्याच ३०-४० तारा, पण या वेळी त्यांना नावं होती. टॉर्च मारला. चार झोन, म्हणजे चार भाग. चारही झोनच्या टर्मिनलवर, पॅनलच्या आतच, एकेक रेझिस्टर. पिवळा, जांभळा, लाल. ४.७ किलोओहम. त्याच स्क्रूखाली बाहेर जाणारी तारही होती, पण ती पुढे जिवंत आहे की मेली, पॅनलला विचारायची गरजच उरली नव्हती. त्याला टोक हाताशीच मिळालं होतं.

मी शिडी मागवली. रुईच्या हॉलमध्ये पहिल्या डिटेक्टरवर चढलो, कापसाच्या धुळीनं तो पांढरा मऊ झाला होता. बेसमधून फिरवून काढला. खाली मॅनेजरसाहेबांना ओरडून विचारलं, "आवाज आला का जी?"

"नाही. हिरवाच हाय."

दुसरा काढला. तिसरा काढला. तिसऱ्याच्या मागे पाईपातून आलेली तार उंदरानं कुरतडून दोन तुकडे केलेली, तांबं काळं पडलेलं. जुनं होतं ते, या वर्षाचं नव्हे. तिन्ही डिटेक्टर खिशात घालून खाली उतरलो आणि पॅनलपाशी गेलो. साहेब हिरव्या लाईटकडे पाहत उभे होते.

"शेठले फोन लावू का?" ते म्हणाले.

मी म्हटलं, "लावा. आणि हॉलमधली गंजी तोपर्यंत बाहेर घ्यायला सांगा."